शून्याचं बिल कोणाच्या नावानं?

हिंगोली, ६ मार्च

रविंद्र भाऊजींना कमलवहिनीचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? हट्ट्याहून कोणी आलं की मी आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करते, मग हळदीची. माझं बरं आहे. (म्हणजे जसं असतं तसं.)

घरावर सोलार बसवावं की नाही, हे ठरवताना माझ्या हातून एक घोटाळा झाला. हिरासिंग नावाचा सोलारवाला आला आणि मालकांचं नाव विचारू लागला. यांचं नाव मी जन्मात घेतलं नाही, म्हणून लाईटबिल पुढं केलं. ते अजून यांच्याच नावानं येतं. तो म्हणाला, "अमृतरावजी घर पे नहीं?" (नाव त्यानं घेतलं, मी फक्त लिहिलं.) माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर गेलेत." दारावर आलेल्या माणसाला तीस वर्षं मी हेच तर सांगत होते. बिचारा उन्हातान्हात चार वेळा आला. दर वेळी चहा दिला आणि दर वेळी खरं सांगायचं राहिलं. शेवटी शेजारच्या जनकाबाई भिंतीवरून ओरडल्या, "अवो कमलबाई, काहून त्या माणसाला हेलपाटे घालायला लावून राहिल्या? त्यायला जाऊन सहा वर्षं झाली ना!" हिरासिंगची बशी ओठापाशीच थांबली.

तुम्हाला ठाऊक नसेल, मी वाचायला शिकले ती या बिलावरच. बिल आलं की हे ते मोठ्यानं वाचायचे आणि खोल्याखोल्यांतले दिवे बंद करत हिंडायचे. दुपारी मी डब्याखालून तेच बिल काढून अक्षरं जुळवायची. पहिला शब्द लागला तो यांचं नाव. तोंडानं घेता येत नव्हतं, ते डोळ्यांनी घेतलं. पुस्तकं नंतर आली.

तर हिरासिंगनं सगळं समजावलं. बिल शून्यावर येईल, पण लाईट गेली की सोलारही बंद, भर उन्हातसुद्धा! (जनकाबाई अजून हसून राहिल्यात.) एकट्या बाईच्या एका पंख्याला एवढं कशाला, असंच मला वाटत होतं. पण गेल्या मे महिन्यात माहेरी आलेल्या राणीची लेकरं आठ दिवसांतच परत गेली. मी येता-जाता कूलर बंद करायची. यांची सवय माझ्या हाताला लागली आहे, ती सुटत नाही आणि सोडावीशीही वाटत नाही. या वर्षी मात्र लेकरं महिनाभर राहावीत. म्हणून बसवायचं ठरवलं.

हिरासिंगला मी एकच विचारलं, शून्याचं बिल घरी येतं का? "आता है ना," तो म्हणाला, "पर आपके नाम से. पहले मीटर आपके नाम पे करना पड़ता."

जाऊबाईंना आठवण सांगा. गुडघ्याला तेल लावा.

तुमची
कमलवहिनी

ता. क. शेताच्या फेरफारासाठी यांच्या मृत्यूचा दाखला तुम्ही नेला होता. मीटरवरचं नाव बदलायला तो लागतो. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. इकडं येणाऱ्या कोणाजवळ द्या.

ता. क. २. घाई करू नका. या महिन्याचं बिल अजून यायचं आहे. तेवढं येऊ द्या, मग पाठवा.