आजोबांचा खल स्वयंपाकघरात!

पाहुण्यांना कॉफी पाजता पाजता म्हातारे झालेल्यांच्या वंशजांनो! (म्हणजे तूच रे, फलाह, बाकीचे चुलतभाऊ पत्र उघडतही नाहीत.) आपल्या घराण्याची भरदिवसा अब्रू गेली आहे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना सलाम सांग, आणि मेंढी व्यायली का तेही कळव. आता ऐक.

आपल्या गावच्या वारसा संग्रहालयात आजोबांचा कॉफी कुटायचा लाकडी खल ठेवलाय. ज्याचा ठेका ऐकून पलीकडच्या टेकडीवरची माणसं उठून आपल्या तंबूत यायची, तो खल! आणि खाली पाटी काय? ‘गृहिणींचा मसाला कुटण्याचा खल.’ ज्या माणसाने जन्मात चुलीकडे पाहिलं नाही (हा दोष खराच, आजी त्यावर वेगळं व्याख्यान देत असे), त्याला यांनी जिरं कुटायला बसवलं! पुढच्या आठवड्यात शाळांच्या सहली येणार. आपलीच नातवंडं हे वाचतील, फलाह!

मी तडक संचालक लबीबसाहेबांकडे गेलो. मनुष्य राजधानीचा, अम्मानचा, पण सभ्य. मला प्रदर्शनातल्या तंबूत बसवलं, कॉफी दिली. मी पेला समोर जमिनीवर ठेवला आणि गप्प बसलो. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला ओठ लावत नाही, हे आपल्याकडे शेळ्यांनाही ठाऊक आहे.

“फार कडू झाली का, काका?” असं म्हणून साहेबांनी साखर मागवली. आपल्या कॉफीत साखर! मग चहा आला. मग रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. शेवटी फरशी पुसणारी उम्म गैथ हातातलं फडकं आपटून म्हणाली, “अहो साहेब, त्यांना साखर नको, तुमचा शब्द हवाय! तुमच्या पाठीमागच्या फलकावर हेच तर लिहिलंय. दोन वर्षं पुसतेय मी तो!”

साहेबांनी वळून स्वतःचाच फलक वाचला आणि कानापर्यंत लाल झाले. “प्या काका. मागणं मान्य.” मी ती गारढोण कॉफी विजयी मुद्रेने प्यायलो. मग पाटी बदलण्यासाठी त्यांनी खल देणाऱ्याचा मूळ अर्ज काढला.

तुझा भाऊ,
हायल

ता. क. अर्जात ‘स्वयंपाकघर’ या चौकटीवर खूण केलेली होती. असल्या अडाणी दात्यावर मी उभ्या उभ्या दहा मिनिटं कडाडलो.

ता. क. दुसरा. अक्षर माझं निघालं. खल मीच नेऊन दिला होता हे साफ विसरलो होतो, आणि अर्ज भरला त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. उम्म गैथ अजून हसतेय. दुरुस्तीला दुसऱ्या वारसाचीही सही लागते म्हणे. तेव्हा गुडघा असेल तसा घेऊन, रविवारी सकाळी दहाला संग्रहालयात ये आणि सही कर.