मिठातलं जित्राब

रविवार, संध्याकाळ

आज टाकीत मासे सोडले! समुद्रातले, नारिंगी-पांढरे, दोनच. पाणी माशांना मानवेल असं व्हावं म्हणून महिनाभर मी टाकीत नुसतं खारं पाणी फिरवत बसले होते, तेव्हा सगळे हसायचे. हसू देत.

नेमके तेव्हाच सासरे, आबा, कुंडलहून कराडला आले. माशांच्या आधी त्यांची नजर गेली टाकीच्या काठावर वाळलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघेवर. तिच्यावर बोट फिरवून म्हणाले, "ह्या मिठानं आपलं निम्मं रान खाल्लं. आन तू ते इकत आणून पाण्यात कालवतीस व्हय?"

मीठ फुटलेल्या आमच्या रानात सरीच्या कडेनं अशीच पांढरी रेघ दिसते. हे आधी माझ्या लक्षात का आलं नाही?

मग दगडामागून एक मासा बाहेर आला. आबा खुर्ची ओढून समोर बसले. चहा गार झाला तरी उठेनात. थोड्या वेळानं मी रेघ पुसायला फडकं घेऊन गेले, तर ते गावातल्या मित्राला फोनवर मोठ्यानं सांगत होते, "मिठात आपला ऊस जगंना गड्या, आन आमच्या पोरीनं मिठात जित्राब जगवलंय!"

एरवी मी सूनबाई असते.

रेघ पुसलीच नाही.