घुबडावरचा डावा हात

दिजों, गुरुवार

बेरांजेर,

भावावर जरा लक्ष ठेव, असं तूच म्हणाली होतीस. ठेवलं. सोमवारी एमरिक पाव आणायला निघाला, तेव्हा मी मागोमाग गेले. आपली नेहमीची बेकरी सोमवारी बंद असते, हे त्याला चाळीस वर्षं माहीत आहे.

तो थेट नोत्र-दाम चर्चच्या बाजूच्या गल्लीत शिरला. भिंतीतल्या दगडी घुबडापुढे पर्यटकांची रांग होती. "डावा हात ठेवा आणि मनातलं मागा," गाईड सांगत होती. जन्मभर "दगडाला काय मागायचं" म्हणणारा तुझा भाऊ त्या रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर त्याने हातमोजा काढला, घुबडावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर विचारलं, "कुठे होतास इतका वेळ?"

"बेकरीत गर्दी होती."

मला तिसऱ्या मजल्यावरची सोलांज आठवली. हल्ली तिच्याकडचा दिवासुद्धा हाच बदलून देतो. मंगळवारी मी जाऊन डावा हात ठेवला आणि म्हटलं, एमरिकने जे मागितलंय ते देऊ नकोस.

तुला सांगितलं नव्हतं, माझ्या छातीत गाठ आहे. रिपोर्ट उद्या मिळणार, असं काल हॉस्पिटलमधून कळलं. एमरिक हसून म्हणाला, "घाबरतेस कशाला? मी घुबडाला सांगून ठेवलंय."

मंगळवारी मी काय मागितलं, ते त्याला सांगितलेलं नाही. हे पत्रही टाकणार नाही, तू लगेच त्याला फोन करशील. पण तू त्याच गल्लीत वाढलीस, म्हणून विचारते. मागितलेलं मागे घ्यायचं असेल, तर कुठला हात ठेवायचा?

तुझी भावजय,
क्लोतिल्द