तांदळाच्या डब्यातली पुस्तकं

॥ श्री ॥
येडगाव, ६ जानेवारी २०२५

ती. आक्कास बाळासाहेबाचा शि. सा. नमस्कार.

तू फोनवर धड बोलू देत न्हाईस, म्हणून लिवायला बसलोय. संपत कोबी घेऊन पुण्याला निघालाय, वाटंत कळंबला तुझ्या हाती कागद देईल. आमी खुशाल. ऊसतोड सुरू झाल्यापास्नं बिबट्या वस्तीकडं सरकलाय. परवा हौशीरामची शेळी नेली. दिवे लागले की स्नेहलची आई दार उघडू देत न्हाई.

बातमी अशी, की तिकडच्या कॉलेजनं आपल्या स्नेहलचं लई कौतुक केलंय. बारावी करून अमेरिकेला शिकाय गेलेली गावातली ही पयलीच पोर, त्यात सगळी फी माफ. प्रवेशासाठी तिनं जो निबंध लिवला व्हता, तो त्यांनी तिच्या फोटोसकट वेबसाईटवर लावलाय. हेडमास्तरांनी छापून काढला आन २६ जानेवारीला शाळेत आमचा सत्कार ठेवला. निबंध मराठीत वाचून दाखवायचा म्हणं. मास्तर म्हणाले, तुमच्या बहिणीनं मंचरला तीस वरसं विंग्रजी शिकवलं, त्यांच्याकडनंच करून घेऊ आन वाचायलाबी त्यांनाच लावू. मी म्हणलं, तिचा गुडघा दुखतोय, कशाला तरास? आमचा धाकटा ऋतिक करील मोबाईलवर. तवा कागद आला तरी तू मनावर घेऊ नको. चार ओळी बास व्हत्यात. तू लाल पेन हातात घेतला, की काम संपंस्तोवर पुढला २६ जानेवारी उजाडायचा.

जसा जीव लावतीस तसा लावत ऱ्हा.

तुझा
बाळासाहेब


॥ श्री ॥
कळंब, ९ जानेवारी

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद.

हेडमास्तरांनी पाठवलेला तुझा निबंध काल मिळाला. मोठ्या हौसेने चष्मा पुसून वाचायला बसले. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कळलं, की पहिल्यांदाही बरोबरच वाचला होता.

तू लिहितेस, वडिलांनी मला शिकायला आत्याकडे ठेवलं, पण आत्या म्हणायची की मुलगी फार शिकली की घर मोडतं. आत्याने माझी पुस्तकं तांदळाच्या डब्यात लपवली. मी ती चोरून काढायचे आणि गोठ्यात बसून वाचायचे. माझ्याकडे गोठा कधी होता गं? आणि शेवटी लिहितेस, की अशा बायकांपासून लांब जाता यावं म्हणून मला तुमचं कॉलेज हवं आहे.

डब्यात मोबाईल होता, स्नेहल. बारावीच्या आधी दोन महिने तूच तो माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, हा सुटत नाही, कुठेतरी ठेव. दोन वर्षं पहाटे साडेपाचला मी तुझ्या आधी उठले. मला फिजिक्स येत नव्हतं, म्हणून ज्या सरांशी सात वर्षं अबोला होता त्यांच्या दारात जाऊन तुझ्यासाठी शब्द टाकला. यातलं तुझ्या निबंधात काहीच नाही. इंग्रजीत मात्र एकही चूक नाही. ते कोणी शिकवलं, तेही नाही.

असं का लिहिलंस, ते कळव. २६ तारखेला हे तुझ्या वडिलांसमोर माझ्या तोंडून वाचायचं आहे. बाळासाहेब भोळा आहे. आपल्या पोरीने आपल्या बहिणीवर असं काही लिहिलंय हे त्याला सोसणार नाही, म्हणून त्याला अजून बोललेले नाही. फोन करू नकोस. तू रडशील आणि मी गप्प बसेन. मी जसा या पत्राचा फोटो पाठवतेय, तसंच तूही कागदावर लिही आणि फोटो पाठव.

थंडीत कान झाकून हिंड.

तुझी
आत्या


॥ श्री ॥
हॉस्टेल, १२ जानेवारी

ती. आत्यास स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

तीनदा लिहून फाडलं. इथे खिडकीपर्यंत बर्फ साचलाय आणि रूममधली मुलगी विचारतेय, घरी कुणी गेलं का म्हणून.

खरं ते सांगते. तू बसवून लिहून घेतला होतास, तोच निबंध मी आधी पाठवला होता. त्यात तू होतीस, डब्यातला मोबाईल होता, मंचरची बस होती. चार कॉलेजांनी नाही म्हटलं. मग पुण्याच्या क्लासच्या मॅडम म्हणाल्या, हे सुखी मुलीचं लिहिणं आहे, तुझ्या वाटेत कोण आडवं आलं ते लिही. मी म्हटलं, कोणीच नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग आण कोणीतरी.

पप्पांचं लिहायला घेतलं, तर हातच चालेना. आईचं सुचेना. तू खंबीर आहेस, तुझं कोण काय वाकडं करणार, असं वाटलं. पप्पांवर रागावू नकोस. पाठवायच्या आधी मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं होतं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, आक्का कुठं अमेरिकेचं वाचाय जातीय, जागा मिळत असंल तर लिव.

आत्या, आता हे खोटं आहे असं गावात बोललं गेलं आणि कुणी मोबाईलवर टाकलं, तर माझी फी माफी जाईल. कदाचित परत पाठवतील. तू २६ तारखेला आजारी पड. एवढंच कर माझ्यासाठी.

लोभ कर म्हणायला मी तोंड ठेवलेलं नाही, तरी करशील ना?

तुझीच
स्नेहल


॥ श्री ॥
कळंब, १८ जानेवारी

चि. बाळासाहेब यास आशीर्वाद.

निबंधाचं मराठी सोबत आहे. एक शब्द गाळलेला नाही, ऋतिकच्या मोबाईलला त्रास नको. माझा गुडघा बरा आहे.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. गुडघ्याची एवढी काळजी तू याआधी कधी केली नव्हतीस. मूर्ख मी. तुला धक्का बसेल म्हणून चार दिवस तुझ्यापासून लपवत होते.

पोरीचं मी समजू शकते. ती अठराची होती आणि घाबरलेली होती. तू अठ्ठेचाळीसचा आहेस. तिने तुला विचारलं होतं, बाळासाहेब. तू नको म्हणाला असतास तर तिने लिहिलं नसतं.

कॉलेजला मी काही कळवणार नाही. मुलीचं शिक्षण मोडणारी बाई निबंधातली, मी नव्हे. पण मी आजारीही पडणार नाही. कागद तूच वाच, माझ्यासमोर. जागा मिळवायला आक्का चालली, तर मांडवातही चालेल. पहिल्या रांगेत मला एक खुर्ची ठेव.

काही शिल्लक असेल तर ते तुझ्या हातात आहे.

तुझी
आक्का


कळंब, २७ जानेवारी

बाळासाहेब,

काल तू माईकपुढे उभा राहिलास. कागदाची घडी उघडलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि लोकांना म्हणालास, की चष्मा घरी राहिला. तो तुझ्या खिशातून डोकावत होता. पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसतं. मग पोरगी हुशार निघाली, देवाची कृपा, एवढं बोलून तू खाली बसलास. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तो कागद तू वाचला नाहीस, याचं मला वाईट वाटलं नाही. पण माझ्या बहिणीने दोन वर्षं पोरीला सांभाळलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याला चष्मा लागत नाही.

शेजारी चिमाबाई होती. ती कानात म्हणाली, पोर तुमच्याकडंच व्हती ना वं बाई, मंग तुमचं नाव कसं न्हाई घेतलं? मी म्हटलं, घेतलंय, इंग्रजीत.

स्नेहलचं कपाट रिकामं केलं. तिचा स्वेटर, कपडे, दोन वर्षांच्या वह्या संपतच्या गाडीत ठेवल्या आहेत, उतरवून घे. तिच्या पहिल्या निबंधाचा कच्चा कागद तेवढा मी ठेवून घेतला. त्यात इंग्रजीच्या अकरा चुका आहेत. खोटं एकही वाक्य नाही.

वैजयंती