सीटवर बसायला माणूस हवा

तीर्थस्वरूप दादास, धाकटीचा नमस्कार.

तुझी तब्येत उत्तम असणार, कारण फोनवर ज्या आवाजात तू "विकून टाक ते धूड" म्हणालास, तो काही आजारी माणसाचा नव्हता. आई बरी आहे. बाबांचं सगळं आटोपून गेलास तो इकडे फिरकला नाहीस, पण ती तुझी अजिबात वाट बघत नाही (असं दिवसभर सांगत असते). धूडही, म्हणजे बाबांची मोटरसायकल, आता बरं आहे. मध्यंतरी नव्हतं, तीच हकीकत कळवते.

चेन सैल पडून खडखडायला लागली. म्हटलं, एवढ्याशा कामाला शोरूम कशाला? बाबा कधी गेले नाहीत (गाडी आणायला गेले तेवढेच, आणि तेव्हाही तिथल्या मेकॅनिकला शिकवून आले). दारात जुनं पोतं अंथरलं, मागच्या चाकाचा नट सोडला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवले आणि चेन अशी ताणली की बोटाने हलेना. स्वतःवर जाम खूश झाले. मग आईला मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले, तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडी अशी काही विव्हळली की लोक आईकडे बघायला लागले.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माणूस बसला की चेन आणखी ताणते, म्हणून तर बाबा आपल्याला सीटवर बसवून मग चेन तपासायचे. तू पुढे, मी मागे. (हँडल मला एकदाही दिलं नाहीस, तो राग अजून आहे.) आपण दोघं मिळून कसाबसा एक अख्खा माणूस व्हायचो. खालून चेनला अंगठा लावून बाबा म्हणायचे, "हलू नका रे," आणि तू मुद्दाम हलायचास, मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. खरं सांगते दादा, त्या उभ्या गाडीवर जे सुख होतं ते मला नंतर चालत्या गाडीवर कधी मिळालं नाही.

असो. शेवटी शोरूम गाठलं. तिथे आपल्याला काचेबाहेर बसवतात. इस्त्रीच्या शर्टातल्या एकाने विचारलं, गाडी कोणाची? म्हटलं, वडिलांची. तो म्हणाला, मग पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो. आई म्हणाली, "पाठवते हं, भेटले की." तो बिचारा बरं म्हणाला. आम्ही दोघींनी हसू कसंबसं दाबलं, आणि रस्त्यावर आल्यावर आई रडली.

तर दादा, हे मला एकटीला जमणारं नाही. सीटवर बसायला माणूस हवा. आईला बसवलं तर ती वरून सूचना देते. तू ये. तुझ्या वाढलेल्या वजनाबद्दल चकार शब्द काढणार नाही, उलट ते कामाचंच आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. आई कळवेल त्याआधी मीच कळवते. शोरूमवाल्यांनी चेन त्याच दिवशी झकास बसवून दिली. बाबांच्या हातचीही इतकी गुपचूप कधी चालली नव्हती.

आणखी एक ता. क. तरी रविवारी ये. तू येईपर्यंत मी ती पुन्हा सैल करून ठेवते.