दाजी खुर्चीवरून उठले

कोरेगाव भीमा,
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय लिडियाताई,

सप्रेम सलाम. आमच्या छोट्या इवाचा खोकला आता बरा आहे. तू दिलेली मेथी पुरवून पुरवून खाल्ली. शिरूर एवढं जवळ असून पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण समोर आलो की तू चहा ठेवतेस आणि मी तो पिऊन मुकाट परत येतो. परवा तसंच झालं.

काल तू फोनवर म्हणालीस, "विल्यम, हे रोज डबा घेऊन जात्यात आन् संध्याकाळी खांदा धरून बसत्यात. तू साहेब हायस, जरा हलकं काम बघ की." मी "बघतो" म्हणालो. खोटं बोललो, ताई. सोमवारी मी दाजींना कामावरून काढलं.

आमच्या कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली येते, म्हणजे बोटं आत राहत नाहीत. दाजींनी एक बटण टेप लावून दाबूनच ठेवलं आणि एका हातानं काम ओढलं. दोनदा लेखी ताकीद दिली होती. तिसऱ्या वेळी त्या मशीनवर दुसऱ्या पाळीतली प्रांजल बसली, तिला टेपचा पत्ताच नव्हता. हातमोज्याचं टोक चेपलं, बोटं थोडक्यात वाचली. गेल्या वर्षी याच चुकीसाठी मी बिहारच्या एका कामगाराला काढलं होतं. त्याची इथं कुणी ताई नव्हती.

हे माझे दाजी आहेत, मला यातून वगळा, असं मी मोठ्या साहेबांना सांगितलं. चौकशी दुसऱ्यानं केली, पण निर्णय सांगायला मलाच बसवलं. मी आत गेलो तर दाजी खुर्चीवरून उठले. "बसा, सर," म्हणाले. तुमच्या लग्नापासून मीच त्यांच्यासाठी उठत आलोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अपील करता येतं हेही मीच सांगितलं. नको म्हणाले.

"खांद्याचं आधी का नाही बोललात?"

"मेव्हण्यापुढं हात पसरू व्हय? जावई हाय मी तुमच्या घरचा."

एवढ्यासाठी, ताई. एक शब्द टाकला असता तर स्टोअरला बसवलं असतं, नियमातच होतं ते. मला त्यांचा भयंकर राग येतो, आणि तुझा फोन वाजला की चार रिंगा जाऊ देतो, मग उचलतो.

निघताना म्हणाले, "लिडियाला मी सांगतो. तू बोलू नको." मी शब्द दिला. आज तो मोडला. त्यांना घालूनपाडून बोलू नकोस. हे पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी फक्त डबा भरू नकोस, म्हणजे त्यांना काही सांगावं लागणार नाही.

रविवारी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, सगळे पुढं जाऊन प्रभूची भाकर घेतील. मनात अढी ठेवून भाकर घ्यायची नाही, हे आईनं आपल्याला शिकवलंय. दाजी चर्चमध्ये आले की मी नेहमीसारखा उठेन. ते "बस" म्हणाले नाहीत तर तसाच उभा राहीन, भाकरीसाठी पुढं जाणार नाही. त्यांना एवढं सांग.

तुझा भाऊ, आणि त्यांनी ठेवला तर त्यांचा मेव्हणा,
विल्यम