फळ्यावरचा पत्ता

घुग्घुस
१४ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप पुनमताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गावी रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि चढलीस तरी ‘हॅलो, हॅलो’च्या पुढे आपलं बोलणं जात नाही. म्हणून बाबांच्या सवयीप्रमाणे पत्रच लिहितो. आई बरी आहे. धुळीने खोकते, पण मला बोलायला तिला दम पुरतो.

आता कामाचं. कारखान्यातल्या पाळ्या सांभाळून मी एक वेबसाइट काढली आहे, नाव ‘मोकळी वाट’. शाळा-कॉलेजच्या नेटवर ज्या साइट बंद करून ठेवलेल्या असतात, त्या माझ्या पानातून उघडतात. याला प्रॉक्सी म्हणतात. पोरं हवं ते बघतात, कडेला जाहिराती दिसतात, आणि जाहिरातींचे पैसे मला मिळतात. अडचण एवढीच की पत्ता कोणाला ठाऊक नाही. चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या भिंतीवर कागद चिकटवले, तर शिपायाने माझ्या देखतच फाडले. तू आश्रमशाळेत संगणक शिकवतेस. तू पोरांना एकदा सांगितलंस तरी पुरे.

लोभ आहेच, या कामापुरता थोडा जास्त कर.

तुझा,
प्रफुल


आश्रमशाळा, ता. एटापल्ली
२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रफुलला अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्या वहीतून गणितं उतरवायचास, आता माझ्या वर्गावर पोट भरायचं म्हणतोस. जित्याची खोड, दुसरं काय. मी नाहीच म्हणणार होते. पण आमच्या नेटवर खेळांबरोबर कामाची पानंही बंद असतात. परवा जीवशास्त्राची चित्रं उघडेनात, तेव्हा बारावीतल्या दिव्यानीने विचारलं, की बाई, दुसरी काही सोय नाही का. मग फळ्यावर तुझा पत्ता लिहिला. खडू खाली ठेवेपर्यंत सगळ्यांनी उतरवूनही घेतला.

ही दिव्यानी इथल्याच गावातल्या इसरूभाऊंची मुलगी. सुट्टीत मोहफुलं वेचते, धानाच्या रोवणीला जाते आणि तरी वर्गात पहिली येते. तिला नर्स व्हायचंय. गावात कोणाला किती ताप होता, कोणती गोळी दिली, सगळं एका वहीत लिहून ठेवते. अशा मुली माझ्यासमोर बसतात, तेव्हा जाहिराती सभ्य ठेव म्हणजे झालं.

आईला जप. पत्र लिहायला कंटाळू नकोस, मी वाट पाहते.

तुझी ताई,
पुनम


घुग्घुस
२८ मे २०२४

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या एका फळ्याने कमाल केली. पत्ता गडचिरोलीच्या वसतिगृहांपर्यंत पोचला, रोज हजारावर लोक येतात. जाहिराती देणाऱ्या मोठ्या कंपनीने मला प्रॉक्सीवाला म्हणून काढून टाकलं, पण दुसरी मिळाली. ती जास्त देते आणि चौकशा करत नाही. आईला कूलर घेतला. फार आवाज करतो म्हणते, पण त्याच्यासमोरून उठत नाही.

सभ्यतेची काळजी नको. वाह्यात चित्र एकही नाही. नोकरीच्या आणि प्रवेशाच्या जाहिराती तेवढ्या आहेत.

दिव्यानीला बारावीत चांगले गुण पडले असतील, तिला माझ्याकडून शाबासकी दे. तुझी माया अशीच राहो.

प्रफुल


आश्रमशाळा, ता. एटापल्ली
५ ऑगस्ट २०२४

चि. प्रफुल,

आशीर्वाद लिहिते आहे, पण आज हात जड झालाय.

जूनमध्ये दिव्यानी नर्सिंगचा अर्ज भरायला शाळेत आली. प्रवेशाची साइट आमच्या नेटवर उघडेना, म्हणून तुझ्या पानातून जाऊ लागलो. पानाच्या मधोमध हिरवं बटण होतं, ‘नर्सिंग प्रवेशाचा अर्ज येथे भरा’. तिने तेच दाबलं. नाव, गुण, आधार नंबर, फोटो, सगळं एकेक अक्षर तपासून भरलं. ‘अर्ज मिळाला’ असं आलं. मी मागेच उभी होते. झालं गं, आता निश्चिंत जा, असं मीच म्हटलं.

परवा यादी लागली. तिचं नाव नाही. चौकशी केली, तर तिचा अर्जच कुठे नाही, आणि मुदत केव्हाच संपली. गावात सगळे म्हणतात, पोरीने फॉर्म चुकवला. तीही तेच म्हणते.

ते बटण काय होतं, प्रफुल? माझी शपथ आहे, खरं सांग.

पुनम


घुग्घुस
१३ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न.

ते बटण खोटं होतं. ती जाहिरात होती, माणसांची माहिती गोळा करून विकणाऱ्यांची. आधी ती पानाच्या तळाशी होती. मे महिन्यात कंपनीने कळवलं की मधोमध ठेवा, तिप्पट मिळतील. मी उचलून मधोमध ठेवली.

आणखी एक लिहितो, ते लपवलं तर पुन्हा तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही. मी ते बटण आधी दाबून पाहिलं होतं. हा खरा अर्ज नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, शहाणी माणसं ओळखतील, आपल्याला काय. दिव्यानीचं नाव मी तुझ्या पत्रात वाचलं होतं, तरी ते बटण दाबणारं कोणी माणूस असेल हे डोक्यात आलं नाही.

साइट आज बंद केली. तिला पैसे पाठवू का? वर्ष पैशाने परत येत नाही हे कळतं, पण दुसरं काही सुचत नाही. वाटेल तेवढी रागाव, पत्र मात्र तोडू नकोस.

प्रफुल


आश्रमशाळा, ता. एटापल्ली
१ सप्टेंबर २०२४

चि. प्रफुल,

पैसे पाठवू नकोस. मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं. पत्ता माझ्या अक्षरात फळ्यावर होता, तेव्हा जे व्हायचं ते माझंही होईल. दिव्यानीच्या आधार नंबरचा कोणी गैरवापर करू नये म्हणून तो लॉक करून घेतला.

काल इसरूभाऊंच्या घरी गेले. दिव्यानी बाहेर आली नाही. तिने ती तापाची वही चुलीत घातली. पुढच्या वर्षी अर्ज भरायला तयार नाही. माझ्या हाताने दुसऱ्यांदा चुकेल, म्हणते. उद्या मी कोणाला भलतीच सुई देईन, असंही म्हणाली, तिच्या आईने सांगितलं.

मी इसरूभाऊंना सगळं सांगितलं, तू माझा भाऊ आहेस हेही. मला वाटलं, ते मला दारातून उठवतील. ते एवढंच म्हणाले, “मंग पोरीची चूक नाई ना, बाई? तेवढं लिहून द्या. मी सांगतो तं ते आयकत नाई. लिहिलेलं मानते ते.”

मी तिथेच लिहून देऊ शकले असते. पण ते तुझ्या हातचं हवं.

पुनम


घुग्घुस
८ सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानी,

आशीर्वाद द्यायचा हक्क मला नाही, म्हणून नुसता नमस्कार. मी पुनमबाईंचा भाऊ. ‘मोकळी वाट’ माझी होती.

तू अर्ज बरोबर भरला होतास. तो पोचला नाही, कारण मी तुझ्यासमोर खोटा अर्ज ठेवला होता, आणि तो खोटा आहे हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं, तुझ्या बाईंनाही नव्हतं. चूक माझी आहे. तुझ्या हाताची नाही.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. गावात जो कोणी तू फॉर्म चुकवला म्हणेल, त्यालाही दाखव. म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो आहे.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू? जूनमध्ये अर्ज भर, एवढीच विनंती.

प्रफुल नानाजी बोरकुटे